केंद्र क्रमांक १४७

होड्यांवर नावं घालणं हा माझा धंदा.
'समुद्रकन्या', 'नूर-ए-दर्या', 'आईचा आशीर्वाद',
नाळेवर डोळे, डोळ्यांना पापण्या.
त्या वर्षी गावाने सांगितलं म्हणून
एका फुटक्या होडीच्या फळीवर लिहिलं :
'बंधारा नाही तर मत नाही.'
अक्षर चांगलं आलं होतं.
रत्नागिरीहून आलेल्या पोराने फोटो काढला,
फळीचा.

सुरूची बाग गेली होती, मग तिच्यामागची विहीर,
मग मसणवटीची शेड. तिचा एक खांब
ओहोटीला अजून दिसतो, त्यावर बगळा बसतो.
"तुमचं झालं," अल्लीचाचा होडेकर म्हणायचे,
"आमच्या कबरस्तानाला अजून वीस पावलं आहेत."

मतदानाला शाळेत पाच माणसं, एक पोलीस,
आणि चिपळूणच्या बाई रजिस्टर उघडून, सकाळी सातपासून.
सहाशे बारा नावं. त्यांत माझंही,
वय चुकलेलं.
दुपारी आम्हीच त्यांना जेवण पाठवलं,
बांगड्याचं तिखलं आणि भात.
भांडण त्यांच्याशी नव्हतंच.
फळीखाली बसून पत्ते खेळलो,
अख्खं गाव पहिल्यांदाच एका बाजूला.

साडेचारला सुभद्राकाकी भाटकर
धुतलेलं लुगडं नेसून फळीखालून गेली.
कोणी हटकलं, तर म्हणाली,
"बंधारा मलाय पायजे. माजं बोट कशाला बांदता?"
शाई लावून परत आली,
वाटेत सुकत घातलेला जवळा उलटा केला,
आणि घरात गेली.

निकाल एकेचाळीस मतांनी लागला.
पडला तो काही सोन्याचा नव्हता.
चप्पल हातात घेऊन आमच्या वाळूवरून एकदा चालला होता,
एवढंच.
माझा धाकटा बाजारपेठेत राहतो, त्याने नोटा दाबलं.
फोन करून सांगितलं. मी शाब्बास म्हणालो.

मग केंद्रवार यादी आली.
केंद्र क्रमांक १४७ : एकूण मतं एक.
एक मत गुप्त कसं राहणार?
कोणापुढे एक, कोणापुढे शून्य,
तालुका वाचून मोकळा.
काकीचे निराधार पेन्शनचे कागद तीनदा परत आले.
कारण कोणी लिहिलं नाही.
आम्ही सहाशे अकरा आत गेलो असतो
तर ती आमच्यात लपली असती.

जिंकलेल्याकडे नारळ घेऊन गेलो.
त्याने चहा पाजला, आणि अगदी सरळ विचारलं,
"तुम्ही मला पाडलं नाहीत, निवडलंही नाहीत.
मी तुमचं काय देणं लागतो?"
अल्लीचाचा बशीकडे बघत राहिले.

बंधारा झाला.
खाडीपलीकडे, सड्याखालच्या वाडीत. काळा दगड,
त्यावर त्याचं नाव रंगवायचं काम मलाच मिळालं.
पैसे वेळेवर दिले.
पाणी आता तिथे आपटतं, वळतं,
आणि उरलेला राग घेऊन आमच्याकडे येतं.
कबरस्तानाला सात पावलं.

परवा फळी खाली काढली. खरवडली.
'बंधारा' निघाला, 'मत' निघालं,
'नाही' दोन्ही लाकडात मुरलेत.
उधाणाचं पाणी अडवायला
काकीच्या उंबऱ्याशी ती आडवी ठोकत होतो.
कुठली बाजू आत घेऊ, विचारलं.
"लिवलेली घे आत," ती म्हणाली,
"मला कुठं वाचता येतंय."