डब्ल्यूएल बारा, तेरा, चौदा

रात्रपाळीला मी एकटीच असते.
कुलाब्याच्या मागच्या गल्लीत, दुसरा माळा,
सोळा पलंग, दोन न्हाण्या आणि मी.
पलंग ओशिवऱ्याहून आणलेले, जुने.
वरचा कूस वळला की
खालच्याच्या स्वप्नात भूकंप होतो.

पावणेचारला तिघं जिना चढून आली.
गाडी उदयपूरहून, नऊ तास लेट.
पासपोर्ट स्लोव्हेनियाचे. मी सी फॉर्म काढला,
तर मुलीने माझ्या हातातलं पेन घेऊन
स्वतःच नावं लिहिली: येर्नेया, ब्लाझ, टिने.
आणि माझ्या बिल्ल्यावरचं वाचलं, तां-डे-ल.
बरोबर वाचलं.
बँकेतला माणूस अजून तांदळे म्हणतो.

मग तिकीट दाखवलं, जणू मीच रेल्वे.
डब्ल्यूएल बारा, तेरा, चौदा.
डब्ल्यू म्हणजे विंडो, एल म्हणजे लोअर,
असं ब्लाझने लावलं होतं,
आणि तिघं खिडकीशी ऐसपैस, पाय पसरून,
चित्तोडपर्यंत.
चित्तोडला वऱ्हाड चढलं.
सगळ्या खिडक्या वऱ्हाडाच्या निघाल्या.
पुढची रात्र संडासाच्या दाराशी,
नवरीच्या मामाने दिलेल्या होल्डॉलवर.
मामाने पुऱ्याही दिल्या, लोणचंही दिलं.

मी हसले नाही.
प्रतीक्षा यादी समजावताना शेवटी म्हटलं,
म्हणजे तुम्ही गाडीत नव्हताच.
'पण होतो की,' येर्नेया म्हणाली.

मग कुलपाचं निघालं.
तिघांचे कपडे एका सॅकमध्ये, सॅकला कुलूप,
किल्ली टिनेकडे, असं ब्लाझ,
आणि ब्लाझकडे, असं टिने.
भांडण त्यांच्या भाषेत.
मला मधूनच 'आग्रा' कळे, मधूनच 'फाइव्ह हंड्रेड'.
बाकीचं मी ओळखीचं धरून चालले.
शेवटी टिने रागाने वर चढला
आणि फळीसकट, गादीसकट
ब्लाझवर उतरला.

क्षणभर काहीच नाही.
कोपऱ्यातली कोरियन मुलगी उठून बसली,
पाहिलं, चादर ओढून परत आडवी झाली.
मग गादीखालून हसू आलं, आधी कुणाचं ते कळेना.

येर्नेया न्हाणीत अडकली ती त्याच वेळी.
त्या कडीचं मी सगळ्यांना सांगते, हिला राहिलं.
झरोक्याशी तोंड नेऊन शिकवत राहिले,
घाईत इंग्रजी सुचेना, म्हणून सरळ मराठीत:
वर. मग आपल्याकडे.
आतून आवाज: वल. मग आपल्याकले.
वर गं बाई. मग आपल्याकडे.
सहाव्या वेळी सुटली.

सकाळी भावाला फोन केला.
तो ससून डॉकवरून करवतीचं पातं घेऊन आला,
कुलूप कापलं, पैसे घेतले नाहीत.
आत मामाचं लोणचं फुटलेलं,
तिघांच्या कपड्यांना हळद लागलेली.
भाऊ म्हणाला, आता लग्न लावून टाक यांचं.
हे मी भाषांतर केलं नाही.
ती तिघं पिवळ्या सदऱ्यांत अलिबागला गेली.

किल्ली मला आठवड्याने सापडली,
फळी बसवताना, पलंगाच्या पोकळ पायात.
सात नंबरच्या हुकाला टांगून ठेवलीय.
कशालाच लागत नाही.

हर्षाली, नूतन आणि मी
अकरा वर्षं गोव्याला चाललोय.
भिशी लावली होती, ती माझ्याच हाताने
भावाच्या होडीच्या इंजिनात गेली.
त्या रात्री फॉर्मवर सही ठोकून
आमच्या ग्रुपवर, 'गोवा फायनल' नाव त्याचं,
एवढंच टाकलं: डब्ल्यूएल बारा, तेरा, चौदा.

नूतनने विचारलं, म्हणजे?
हर्षालीचा फोन बंद असतो दहापर्यंत.
उत्तर लिहायला घेतलं तोच
आत कुणीतरी नळ सोडून खोकायला लागलं.
पाणी सहाला येतं.
पाटी लावलीय मी.