बारदान वजा

आप्पासो मगदुमांच्या आडतीत
मी चौदा वर्षं हिशेब लिहिते,
आणि हा कॉम्प्युटर माझ्याही आधी दोन वर्षं आलाय.
कीबोर्डवरचा 'अ' गुळानं बुजलाय,
पंख्याला दम्याची धाप,
पण सौद्याच्या दिवशी त्यानं कधी खाडा केला नाही.

कार्तिकात मार्केट यार्डात नवा काटा आला.
चकचकीत. आकड्यांची डबी माझ्या टेबलावर,
आणि डबीला शेपटीसारखी केबल.
कंपनीच्या पोरानं केबल खोचली,
बंडा हमालाला काट्यावर उभं केलं,
म्हणाला, "आता लिहायचं काम संपलं, मॅडम.
वजन आपोआप पडद्यावर येतंय बघा."
आलं. अठ्ठावन्न किलो.
आणि बाकी सगळं थांबलं.

बाण हलवावा तर तो
काकवीत पाय रुतलेल्या माशीसारखा.
'शिरोळ' लिहावं तर 'शि' उमटेपर्यंत
शिरोळचा शेतकरी पिशवी आवरून दारात.

औषध प्रत्येकाकडं होतं.
दिवाणजी म्हणाले, मुंग्या.
मागचं झाकण काढलं, तर मुंग्या होत्याच,
पण त्या जुन्या भाडेकरू,
त्यांनी आजवर कधी तक्रार येऊ दिली नव्हती.
आप्पासोंनी उदबत्ती लावली.
त्यांच्या धाकट्यानं मोबाईलवरून मान न उचलता निकाल दिला,
भंगारात घाला.
ते मला का लागलं, कुणास ठाऊक.

दुपारी लक्ष्मीपुरीतून इर्शाद शिकलगार आला.
खिशात स्क्रूड्रायव्हर, पण त्याला हात लावला नाही.
नुसता बसून राहिला थोडा वेळ,
नाडी बघावी तसा.
मग एकेक वायर काढत गेला.
प्रिंटर काढला. तसंच.
माऊस बदलला. तसंच.
काट्याची केबल उपसली
आणि पंख्याचा आवाज उतरला,
बाण सुळकन कोपऱ्यात जाऊन परत आला,
दावं सुटलेल्या वासरासारखा.

केबल परत लावली. परत धाप.

"काट्यावर आत्ता काय आहे?"
काही नव्हतं. रिकामाच होता.
"तेच सांगतोय तो. शून्य.
सेकंदाला पन्नासदा सांगतोय, शून्य, शून्य.
नवी मशीन असती तर तिनं एका कानानं ऐकलं असतं.
हे म्हातारं सरळ मनाचं,
दर वेळी हातातलं काम ठेवून
ऐकून घेतंय."

डबीची चार बटणं त्यानं उलटसुलट दाबली
आणि काट्याला एवढंच शिकवलं:
विचारल्याशिवाय बोलायचं नाही.
माझ्या फोनलाही हे शिकवता येईल का, मी विचारलं.
इर्शाद हसला. तीनशे झाले म्हणाला.
धाकटा दोनशेवरच अडला होता.

आता मी एक कळ दाबते, काटा एकदाच बोलतो.
रवा तीस किलो. रवा तीस किलो शंभर.
अंधार पडायच्या आत पट्ट्या निघतात.

काल, माघ संपता संपता,
सौदे आटोपल्यावर बंडा काट्यावर चढला,
सवयीनं, गंमत म्हणून,
आणि पडद्याकडं बघत राहिला.
पडदा गप्प.
"ताई, विचारा की त्याला."

मी कळ दाबली.
त्रेपन्न किलो चारशे.

आकडा त्यानंही वाचला, मीही वाचला.
कॉम्प्युटरनं तर क्षणात
पुढचा रकाना उघडला,
आणि मी आपली सवयीनं मोठ्यानं वाचून गेले:
बारदान वजा करायचं?

बंडा खाली उतरला,
पायानं चप्पल चाचपत म्हणाला,
"ते वजा केल्यावर ऱ्हातंय काय, ताई?"

रकाना उघडाच होता.
पंखा अगदी हळू फिरत होता.