दाराच्या चौकटीवरचा आकडा

बोट आमच्याकडे वर्षातले अकरा दिवस पाण्यात असते.
मी मोजलेत. डेल म्हणतो चौदा,
पण तो धुक्यातून परत फिरलेले दिवसही धरतो.

उरलेले दिवस ट्रकनं काय करायचं?
मला शाळेत सोडायचं, नर्सच्या खिडकीखाली
चार वाजेपर्यंत बर्फ अंगावर घेत उभं राहायचं.
ब्रिटाचा चेलो, तिच्याहून उंच, आडवा निजवून न्यायचा.
कोंबड्यांचं खाद्य. सॉनाची लाकडं.
आणि दर गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे सासूबाई,
ज्यांचा पाय आता वीतभराच्या वर उचलत नाही.

पेलेतिएच्या शोरूममध्ये त्या लाल धुडापुढे
डेल टोपी काढून उभा, चर्चमध्ये राहतो तसा.
"तेरा हजार पौंड ओढतो," पेलेतिए म्हणाला.
डेलनं खांदे ताठ केले,
जणू ते तेरा हजार त्याच्याच खांद्यांत होते.
मी दार उघडलं. चौकटीच्या कडेला
पत्त्याएवढं लेबल:
माणसं नि सामान मिळून इतकंच, याहून जास्त नाही.
माहितीपत्रकातल्या ट्रकमध्ये कुणी बसलेलं नसतं.
कुणी जेवलेलं नसतं. कुत्रा तर नसतोच.

शनिवारी शेजाऱ्याचा ट्रक मागून आणला
आणि बोट नेली खडीच्या खाणीवर, ऑरिनच्या वजनकाट्याकडे.
कागदावर ती गाड्यासकट एकोणतीसशे.
काट्यावर बेचाळीसशे दहा.
"काटा बिघडलाय," डेल म्हणाला.
"काटा सरकारी आहे," ऑरिन म्हणाला,
"बिघडलीच असेल तर बोट."

मग तिथंच, धुरळ्यात, आम्ही तिला उपसायला बसलो.
दोन नांगर, आणि एक तिसरा,
जो विकत घेतल्याचं कुणालाच आठवेना.
भिजून जड झालेले दोर. डबाभर शिसं.
ब्रिटाचा पाच वर्षांची असतानाचा एक बूट.
आणि पुढच्या फळीखाली, पार कोपऱ्यात,
वेसची अवजारांची पेटी,
जिच्यावरून दोघे भाऊ दोन नाताळ बोलले नव्हते.

डेल ती मांडीवर घेऊन बसला.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "हिचं वजन किती असेल?"
ऑरिनकडे मासे तोलायचा काटा होता.
एकतीस पौंड.
एवढ्याशासाठी, असं कुणी म्हणालं नाही.

लाल घेतला नाही. राखाडी घेतला,
ज्याची पायरी खाली आहे, जो पेट्रोल बेतानं पितो
आणि आमच्या जुन्या गॅरेजात मावतो:
आरशांच्या दोन्ही बाजूंना तीन तीन बोटं सुटतात,
आणि एक बोट बाहेर अंगणात, ताडपत्रीखाली.

जूनमध्ये सुपीरिअरवर नेली. चढावर जरा दमला,
पण शेपूट डुलू दिलं नाही.
ऑरिननं शिकवलं होतं:
भार मागं गेला की गाडा उलार होतो,
मग तो ट्रकला ओढतो, ट्रक त्याला नाही.
शेवाळलेल्या उतारावर मी गाडी उलटी घेत होते
(उजवीकडे फिरवलं की मागचं डावीकडे जातं,
लग्नाच्या सतराव्या वर्षी यात नवीन काही नव्हतं)
आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा राहून
वेस हात हलवत होता: ये, ये, अजून ये.
बस्स.
पेटीबद्दल तो काही बोलला नाही. डेलही नाही.
दोघांनी मिळून दोर सोडला.

हे झालं एका दिवसाचं.
सोमवारी पुन्हा चेलो, खाद्य, शाळा.
सासूबाई न थांबता चढल्या, म्हणाल्या, "हा शहाणा आहे."
आणि मागं फिरून लाकडं काढताना
जोडणीचा तो लोखंडी गोळा
नेहमीच्या जागी, नडगीच्या हाडावर लागला.
शाळेत दिवसभर पोरांना बर्फ लावते मी.
आज दार लोटून घेतलं,
आणि पाच मिनिटं तो स्वतःला लावला.