चुकांचा रकाना

मला मॅच कधी पूर्ण दिसली नाही.
डाव्या कुंपणाच्या भिंतीत, धावफलकाच्या पोटात
सत्तावीस उन्हाळे बसले मी:
एक शिडी, एक पंखा,
आणि खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे.
चालू इनिंगचं भोक तेवढं उघडं असायचं,
त्यातून दिसेल तेवढं माझं बेसबॉल.
हिरवळीचा एक तुकडा, आणि त्यावर
पाठमोरा लेनॉक्स ऑमियर.

आला तेव्हा बावीसचा होता.
एप्रिल, सरोवरावरचा बर्फ अजून तडकत होता,
आणि हा बाहीच्या आत बाही घालून कुडकुडत उभा,
निकाराग्वाच्या खाडीवरचा, कोळ्याचा पोर.
पहिल्याच संध्याकाळी भोकाशी वाकून म्हणाला,
“आत कोण राहतं?”
“फ्रान्या. राहत नाही, नोकरी करते.”
“ऊब आहे का आत?”
थर्मासचं झाकण भरून मी त्याला बीटाचं सूप दिलं.
पिचर बदलेपर्यंत त्यानं ते संपवलं
आणि पुढचाच चेंडू भिंतीला पाठ घासत झेलला.
त्या झेलाची लोक अजून वेगवेगळी कारणं देतात.

मग वर्षं.
तेहतीस होम रनचं वर्ष, टायरचा कारखाना बंद पडला
आणि माझा भाऊ तिकिटापुरते पैसे तेवढे मागून न्यायचा.
गुडघ्याचं वर्ष.
बायको थंडीला कंटाळून परत गेली ते वर्ष;
तेव्हा तो भोकाशी यायचा, बोलायचा नाही,
सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या पुढे करायचा.
आमच्या पोलिश आडनावांपुढे पोरांची नावं लेनॉक्स पडली,
पाद्री मान हलवत पाणी शिंपडायचे.

आणि तो ऑक्टोबर.
नववी इनिंग, दोघं बाद, एका धावेची आघाडी.
साधा झेल. शाळकरी पोरानं घ्यावा असा.
मला चेंडू दिसला नाही, त्याचे खांदे दिसले:
वर बघणारे,
मग नुसते थांबलेले.
चेंडू ग्लव्हला लागून माझ्या भिंतीवर आपटला,
आत सगळे आकडे खुळखुळले.
दोन माणसं धावत घरी गेली.

फोन वाजला. चूक, डावं क्षेत्र, एक.
मी एकचा पत्रा काढला आणि लावलाच नाही,
पोटाशी धरून बसून राहिले.
चूक पोटात घालणं म्हणतात ते असं गार असतं, ठाऊक नव्हतं.
बाहेर तीस हजार माणसं
शिव्यांमध्ये त्याच्या आईपर्यंत पोहोचली होती.
मग भिंतीवर बोटाच्या पेरांची टकटक.
“लाव, फ्रान्या. माझीच आहे.”
लावला.
सरळ लागलाय ना, हे त्यानं वळून पाहिलं
आणि जागेवर गेला.

गावाचा जीव त्याच्यावर कधी जडला, विचारतात.
कोणी तो झेल सांगतं, कोणी होम रन.
मला वाटतं, पुढच्या एप्रिलात.
तो मैदानात आला. शिटी नाही, टाळी नाही.
तिसऱ्या बेसमागच्या स्वस्त जागांवरून
कारखान्यातला एक म्हातारा उठला, टोपी काढली.
हे मला नंतर कळलं.
मी फक्त आवाज ऐकला,
हजारो घडीच्या खुर्च्या एकामागून एक मिटण्याचा.
त्याची पाठ दिसत होती. ती हलत होती.

अजून सात वर्षं खेळला.
शेवटी धावायचा नाही, चेंडूच्या आधीच जाऊन उभा राहायचा,
म्हाताऱ्या बगळ्यासारखा.
मग दिव्यांचा फलक आला, आम्ही दोघं एकाच हंगामात निघालो.
मालकांनी विचारलं, आठवण म्हणून काय हवं?
त्यानं पत्रा मागितला. तोच.

परवा भाचीचं पत्र आलं, सोबत फोटो.
मागे खाडी. कोंबड्यांच्या खुराड्याला दार,
दारावर ठोकलेला माझा एक, जरा तिरका.
शेजारी कॅमेऱ्याकडे तोंड करून कोणी जाडा माणूस.
पाठमोरा असता
तर लगेच ओळखला असता.