बोटीच्या खिडकीची काच

दाभोळला मोडीत निघालेल्या बोटीच्या
दोन गोल खिडक्या, सहा इंची, बोटभर जाड.
भंगारवाल्याने दीडशे सांगितले, शंभरात दिल्या.
म्हणाला, पेपरवेट करणार काय?

हर्णैला बर्फाच्या कारखान्यामागे
डिझेलच्या रिकाम्या पिंपावर एक ठेवली,
तिच्यावर दुसरी. मधे कुरुंदाची पूड, चमचाभर पाणी.
शिफ्ट संपली की पिंपाभोवती फिरायचं:
सहा घासे, एक पाऊल, पुन्हा सहा.
वरची खोल होत जाते, खालची फुगते.
कुणी शिकवावं लागत नाही,
दोघींच्या भांडणातूनच गोलाई येते.

पूर्वी भिंगातून बघायचे.
उजेड काचेतून आरपार जाताना फुटायचा,
ताऱ्याला जांभळी किनार यायची.
मग कुणाला तरी सुचलं,
त्याला आत घ्यायचंच नाही,
दारातून परत पाठवायचं.
तेव्हाचे आरसे ओतीव. तांबं नि कथील,
देवळातल्या घंटेची सख्खी बहीण.
हवेने काळवंडायची,
उजळायला जावं तर घडण जायची.

पॉलिशला राळ हवी होती.
शब्बीर होडेकरने दिली, फळ्यांच्या फटीत भरतात तीच.
'ही पाणी आत येऊ नये म्हणून.
तुझं काय आत येऊ नये?'
मी हसले फक्त.

लाइट गेली त्या रात्री तपासला.
टॉर्चपुढे पत्र्याला टाचणीचं भोक,
परतणारा उजेड दाढीच्या पात्याने कापायचा.
काचेवर सावल्या उठल्या, ओहोटीच्या वाळूसारख्या.
मधे अजून खोल हवा,
केसाचे हजार वाटे केले तर त्यातला एखादा.
अंगठा टेकवून बघितला
आणि तेवढ्या उबेने तिथे टेकडी उभी राहिली.
ती निवेपर्यंत मी श्वास धरून बसले,
उगीचच.

पुण्याहून मुलामा होऊन आला. बोअरचा पाइप,
तोंडाशी रुपयाएवढा तिरका आरसा.
ऐन उजेडाच्या वाटेत उभा
आणि आत बघताना कुठेच नाही.

शब्बीरने डोळा लावला.
बंदराबाहेर नांगरलेला ट्रॉलर, दिव्यासकट उलटा.
मग नळी वर केली, शनी दाखवला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला,
बोट कुठली होती गं ती?

ठाऊक नाही. नाव
आधीच खरवडून काढलं होतं.