शिखराच्या दहा अंश आधी

फिल्मोन, बोल्ट सैल कर. पुरता काढू नकोस.
डिस्ट्रिब्युटर रुसलेल्या माणसासारखा राहिला पाहिजे,
मनवलं तर वळेल,
एरवी जागचा हलणार नाही.

ही फियाट अकराशे मसावाची.
सगळा जन्म बंदराच्या धक्क्यावर गेला,
खाऱ्या वाऱ्याने दारांच्या कडा पापडासारख्या फुगल्यात.
गिंदापर्यंत गुणी होती, नफिसा सांगते.
नेफासितच्या वळणांवर धाप लागली,
आणि अस्माराच्या वेशीवर
एक म्हातारा सायकलवाला तिला मागे टाकून गेला
टोपी उचलून, अगदी सभ्यपणे.

कार्ब्युरेटर सगळेच उघडतात. आपणही उघडला.
पॉइंट्स घासले,
फट मोजली काडेपेटीच्या पुठ्ठ्याने.
आता राहिली ठिणगी.

ऐक. पिस्टन चढत येतो, टोकाला पोचतो,
तिथे निमिषभर ना वर, ना खाली.
इटालियन पुस्तकात त्या जागेला मेलेली म्हणतात.
तिथे पोचल्यावर ठिणगी पाडलीस
तर वरात गेल्यावर वाजंत्री आल्यासारखं.
पेट्रोल का एका दमात पेटतं?
त्यालाही वेळ लागतो, ओल्या सरपणासारखा.
म्हणून आधी.
किती आधी, यावरच तीस वर्षं माझं पोट चाललं.

खाली समुद्राशी हवा दाट, जाळ धावत सुटतो.
इथे ढग खिडकीतून आत येतात,
हवा विरळ, जाळ आळशी,
त्याला लवकर हाक मारावी लागते.

स्ट्रोबचा दिवा गेल्या उन्हाळ्यात मेला.
बल्ब लाव. एक तार पॉइंट्सना, एक बॉडीला.
पुलीवरची खाच कवरच्या दुसऱ्या रेघेवर आण. हं.
आता रोटर फिरतो त्याच्या उलट, हळू,
श्वास सोडतोस तेवढंच वळव…
लागला दिवा? थांब.

हा ओरखडा कुणाचा?

नफिसा दारातूनच म्हणाली, हुमेदचा.
खिशातल्या चाकूने काढला होता भावाने,
रेघेला रेघ लावली आणि बजावलं,
इथून कुणाला हलवू देऊ नकोस.
दोन वर्षं झाली त्याला जाऊन.
मग जरा वेळाने, कॉफीचा पेला न उचलता,
‘चुकली होती का त्याची रेघ?’

मी फडक्याने हात पुसले.
उगाच पुसले, स्वच्छच होते.
‘नाही. तिथे अगदी बरोबर होती.’

चढावर नेऊन पाहिली, कॅथेड्रलच्या मागून,
तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून.
वाटाणे पत्र्यावर सांडावेत तशी खडखड झाली.
माझाच हात जास्त गेला होता, फिल्मोन,
लिहून ठेव, तेकेस्तेचाही जातो.
केसभर मागे घेतला.
पुन्हा चढ. चढाच्या तोंडाशी दोनच टिचक्या,
मग गाडी गाऊ लागली नाही, गाड्या गात नसतात,
नुसती तक्रार करायची थांबली.

आवळ आता. कडक नको, आटे जुने आहेत.
आणि कानस खाली ठेव!
जुना ओरखडा घासायचा नाही.
नवा त्याच्या शेजारी काढ, बोटाच्या नखाएवढा दूर.
ती परत बंदरावर उतरली तर
तिथला मेकॅनिक काय आपल्याला तार करून विचारणार?

पैसे तिने मोजून दिले, सुटे, घामेजलेले.
चालवायला बसली,
किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात लागली.
आणि गेली नाही.

पाव तास झाला असेल.
रेशनचं पेट्रोल, लिटरामागे अर्धा दिवस रांग,
आणि ही बाई उभ्या गाडीत
काचा वर करून
इंजिन चालू ठेवून बसलेली.
फिल्मोन म्हणाला, सांगू का बंद करायला?

मी म्हटलं, पाने मोजून पेटीत ठेव.
तेरा नंबरचा काल सापडत नव्हता.