उशिराचं कारण

कंबर पहिल्यांदा धरली ती कवलापूरच्या आसपास.
'सीटा किती' विचारायला वाकले
आणि 'किती' तोंडातच राहिलं.
एक बाई उठली, मला जागा दिली,
चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

बजबळे ड्रायव्हर म्हणाले, पाटे बसलेत गाडीचे.
डेपोत तक्रार टाकली, पाटे बदलले.
गाडी बरी झाली.

सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणात शेक घेतला न्हाईस,
शेगडी पुढ्यात आणली की तोंड फिरवायचीस,
वारं शिरलंय ते तवाच.
त्या वाऱ्याचं वय आता सोळा,
अकरावीत आहे.

विट्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला.
माझ्या मणक्यांतून पलीकडचं रसवंतीगृह दिसत होतं.
'गॅप कमी झालीय.'
पट्टा दिला, कॅल्शियम दिलं,
वर, जड उचलू नका.
मी काय उचलते? सुट्टे पैसे.

दुसरे म्हणाले, पिशवीचं असणार.
दोन मुलं झाली ना? मग काढून टाकू.
टपावरचं पोतं असावं,
मालक मागच्याच थांब्यावर उतरून गेलेला,
अशा आवाजात.
मी उठले,
दोन्ही पिशव्या घेऊन.

रात्री कूस सापडायची नाही.
थंडी वाजायची, मेच्या उकाड्यात.
हप्त्यावर आणलेल्या नव्या गादीवर
नवरा शांत झोपायचा.

मिरजेला मुजावर मॅडमनी जाडजूड फाइल बाजूला सारली.
उठून पाठीमागं आल्या,
बरगडीखाली मुठीनं हलकंच ठोकलं,
दार वाजवावं तसं.
आतून मी ओरडले.

मग विचारलं, दिवसाला पाणी किती पिता?
माझा हिशेब कधी रुपयानं चुकलेला नाही,
पण हा आकडा नव्हता माझ्याकडं.
बाटली होती.
सकाळी भरलेली,
रात्री डेपोच्या कुत्र्यापुढं ओतलेली, तशीच.

'का?'

का, म्हणजे बघा,
एका स्टँडवर बायकांच्या बाजूला कुलूप,
किल्लीवाला जेवायला गेलेला, कायमचा.
दुसरीकडं दाराला कडी नाही,
एका हातानं दार ओढून धरायचं,
दुसऱ्यात कॅशची बॅग.
तिसरीकडं रांग, आणि कंट्रोलरची शिट्टी.
बजबळे बाभळीपाशी गाडी उभी करतात,
उतरतात, चढतात, वाईट माणूस नाही.
एकदा म्हणाले, तुम्हाला जायचंय का?
दोघांनीही चौफेर पाहिलं.
उघडा माळ, आणि खिडक्यांत पन्नास डोळे.
त्यांनी गिअर टाकला.

उजव्या मूत्रपिंडाला सूज. खडा. जंतू चढलेले.
मी इतके महिने चुकीच्या ठिकाणी हात ठेवून
'इथं' म्हणत होते.

चिठ्ठीत दोन औषधं,
खाली मॅडमचं गोल अक्षर:
तीन लिटर पाणी. दर तीन तासांनी जाणे. धरून ठेवू नये.
दुकानदारानं वरच्या दोन ओळींचं दिलं,
चिठ्ठी परत केली.

तासगावच्या पुढं एक नवा पेट्रोलपंप झालाय,
बायकांचं वेगळं आहे तिथं.
मंगळवारी मी तिथं घंटी ओढली. एकच टोला.
बजबळेंनी आरशात पाहिलं.
मागून कुणीतरी, 'पंक्चर का ओ?'
मी उतरले.
खडीवरून चालताना मागं पावलं वाजली.
बेदाण्याच्या शेडवर जाणारी एक,
नर्सिंगची एक पोरगी,
आणि पायरीवर अडकलेली म्हातारी,
'थांब गं बाई, मीबी आलो.'
कुणी कुणाशी बोललं नाही.
म्हातारीला पुढं घातलं.

मिरजेला सात मिनिटं उशीर.
कंट्रोलरनं वही सरकवली. रकाना: उशिराचं कारण.
वरच्या ओळींत इतरांची अक्षरं,
फाटक. उसाची ट्रॉली. पंक्चर. फाटक.
मी लिहिलं, जरा बारीक.

'काय लिहिलंय हे? लागत नाही.'

बजबळे घसा खाकरत चहाच्या गाड्याकडं निघाले.
मी मोठ्यानं वाचून दाखवलं.